लिथियमची रिकामी जागा

ऐक ना, हे घडलं ते भर दुपारी. अल्माटीत त्या दिवशी धुरकं इतकं, की डोंगर सोड, संस्थेचं फाटकही दिसेना. घशात नुसती कोळशाची चव. मी फक्त एक आकडा घ्यायला गेले होते. पाचच्या आत जानिबेक अगायना, म्हणजे आमच्या सरांना, दाखवायचं होतं की माझ्या स्फटिकातून लिथियम वाहतं. नाही वाहिलं, तर माझी पीएचडीची जागा दुसऱ्याला.

काम तसं सोपं गं. संगणकात एक घन पदार्थ रचायचा, त्यात लिथियमच्या कणांना एकशे ब्याण्णव जागा. त्यातला एक कण काढायचा. भरलेल्या बसमधून एक उतरला की बाकीचे सरकतात ना, तसं.

घाईत मी सायातची जुनी फाइल उचलली. सायात आमच्याच गटातला, गेल्या हिवाळ्यात डोंगरात बर्फाखाली गाडला गेला. गणित सुरू करायला कुठलाही एक आकडा लागतो, आणि आमच्याकडे जो तो स्वतःची जन्मतारीख टाकतो. मी त्याचीच राहू दिली.

निकाल उघडला. कुणी हललंच नव्हतं! कण मोजले, एकशे ब्याण्णव.

"अगं, मी एक काढला होता!"

शेजारची तोल्कीन हसली. "स्वप्नात काढला असशील. हा तळलेला बाउर्साक खा आधी, डोकं चालेल."

पुन्हा काढला. पुन्हा भरला. मग आम्ही एकेक चित्र सरकवत पाहिलं. शेजारचे कण त्या जागेपाशी यायचे, थबकायचे, मागे व्हायचे. आणि पुढच्या चित्रात तिथे कुणीतरी बसलेलं. कुठूनही न येता.

भीती? छे, मला तर चेवच आला! मी दोन काढले. गणित चालू ठेवून बघत बसले.

दोन्ही जागा भरल्या.

"यांचं तापमान बघ..." तोल्कीन आता हसत नव्हती.

बाकी सगळे सहाशे केल्विनवर. पहिला पाहुणा शून्यावर. दुसरा तीनशे दहा.

"तीनशे दहा म्हणजे... सदतीस अंश. आपल्या अंगाचं, कामशत."

तीनशे नऊ झालं. माझी बोटं गार पडत होती.

अगाय मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. "पोरी... त्या दुसऱ्याला काढ. तुझा मूळचा कण ठेव तिथे."

"मग काहीच वाहणार नाही, अगाय. माझी जागा..."

"ठेव म्हणतो ना."

तीनशे आठ. मी ठेवला. आकडा थांबला.

पाचला लिहून दिलं, वहन शून्य. जागा गेली. आता शाळेत शिकवते, मजेत आहे. फक्त कुठलाही थर्मामीटर लाव, माझं तापमान पस्तीस. डॉक्टरीणबाईंनी चार बदलून पाहिले.

परवा चौतीस निघालं. तोल्कीन शपथेवर सांगते, त्या फाइलला कुणी हात लावलेला नाही.