बाकीचं उद्या

एका पायात माझी निळी चप्पल आणि दुसऱ्या पायात सासूबाईंची काळी, अशा अवतारात मी ठमीच्या शाळेच्या ग्रंथालयात शिरले आणि त्याला पहिल्यांदा पाहिलं. खरं तर त्यानेच मला पाहिलं. मी फक्त ठमीला शोधत होते.

दवाखान्यातून घरी येऊन जेमतेम पाणी प्यायले होते. डोळ्यांच्या दवाखान्यात मी सकाळच्या वेळात रिसेप्शनला बसते. तेवढ्यात पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला: पांढऱ्या गाडीतून मुलं पळवणारी टोळी शाळांबाहेर फिरते आहे, आपल्या पाल्याला ताबडतोब घरी आणा. खाली गाडीचा फोटो. मी धावत सुटले. ठमीच्या वर्गात पोचले तर बाकांवर दप्तरं होती आणि मुलं नव्हती. एकही नाही. ते रिकामे बाक मी आजही विसरलेले नाही.

शेजारच्या वर्गातून कुणीतरी म्हणालं, "ग्रंथालयात असतील." आणि मी धाडकन दार ढकललं.

"चपला बाहेर," तो म्हणाला. मग माझ्या पायांकडे बघून, अगदी गंभीरपणे, "दोन्ही जोड्यांच्या."

"माझी मुलगी—"

ठमी टेबलाखाली पालथी पडून वाचत होती, पाय हवेत. तिने मान वर केली. "आई? तू कशाला आलीस?" जणू मी तिच्या ऑफिसात न विचारता घुसले होते.

मी मटकन खुर्चीत बसले.  त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "बघू?"

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. चष्मा काढून त्याने फोटो अगदी डोळ्यांजवळ धरला.

"यातल्या झाडांना एक पान नाही. आपल्याकडची झाडं बघा." खिडकीबाहेर सगळं हिरवंगार होतं. "आणि गाडीची नंबरप्लेट... ही आपल्याकडची नाही. कुणी पाठवलं?"

"ग्रुपवर आलं."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

मी पेला खाली ठेवला.

"हे मी वर्गात वापरू का? तुमचं नाव न घेता."

"माझं नाव तुम्हाला माहीत कुठे आहे?"

"म्हणून तर न घेता म्हणालो," त्याने चष्मा पुन्हा लावला. "सांगितलंत तर घेईन."

कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी असं काही म्हणालं होतं... आणि माझ्या पायात धड चपलाही नव्हत्या.

*

ठमीचे बाबा गेले तेव्हा ती बालवाडीत होती. ती बातमी फोनवरच आली. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी ठमी कुठे आहे ते बघते. घरात आम्ही तिघी, सासूबाई, मी आणि ठमी. सासूबाईंना मी आई म्हणते, आणि लग्नानंतरची सवय म्हणून म्हणत नाही. एकुलता मुलगा गेल्यावर त्या माउलीने मला माहेरी धाडलं नाही, मला कुशीत घेतलं. ठमी म्हणजे त्यांचा जीव.

त्या दिवसानंतर मी ग्रंथालयात जायला लागले. तो ग्रंथालयाचा शिक्षक होता आणि आयांना मोठ्याने वाचून दाखवायला बोलवत असे. त्याचा वाचनतास वेगळाच होता. आधी मुलांनी हवं ते पुस्तक घेऊन हवं तसं वाचायचं, लोळत, टेबलाखाली, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. मग 'खरं-खोटं'. एखादी बातमी, जाहिरात किंवा फोटो समोर ठेवायचा आणि मुलांनी तो सोलायचा. कुणी सांगितलं? कधी? काय वगळलं?

आणि त्याचा एक नियम होता, बाकीचं उद्या. गोष्ट ऐन रंगात आली की तो पुस्तक मिटायचा. फोटोचा अर्धाच भाग दाखवायचा, पूर्ण फोटो दुसऱ्या दिवशी. मुलं ओरडायची, पाय आपटायची. तो म्हणायचा, "शंका एक रात्र मुरली पाहिजे. लगेच उत्तर मिळालं तर डोकं कशाला चालेल?"

"तुम्ही माणसांशीही असंच वागता का?" मी एकदा विचारलं.

"कसं?"

"अर्धवट."

"सांगतो," तो म्हणाला. "उद्या."

मी दारात दिसले की म्हणायचा, "या, काळजीवाहू सरकार. आज कशाची काळजी?" मी खरंच यादी सांगायचे. ठमीला कणकण वाटतेय, जिन्याचा कठडा हलतोय, आई औषध घ्यायला विसरल्या. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "यातलं खरं किती, आणि तुम्ही स्वतःलाच फॉरवर्ड केलेलं किती?" मला हसू यायचं. माझ्या काळजीवर मलाच हसू येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी आम्ही फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालत होतो. बाहेर रिमझिम चालू होती, आत खळीचा वास. मी कागद दाबून धरलेला, तो चिकटपट्टी लावत होता. त्याचं बोट माझ्या बोटावर आलं आणि... तिथेच राहिलं. चिकटपट्टीला तेवढा वेळ लागत नाही. हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

"रविवारी घरी आलो तर चालेल?" त्याने पुस्तकाकडेच बघत विचारलं. "आईंना भेटायला."

"कशासाठी?"

"इतकी पुस्तकं वाचून दाखवता, एवढंही कळत नाही?"

"कळतं. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्याचे कान लाल झाले. "तुमच्याशी लग्न करायचंय. ठमीची आणि आईंची हरकत नसेल तर."

"आणि माझी?"

"तुमचं बोट अजून इथेच आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी मी आईंना सांगितलं. त्यांनी आधी गॅस बंद केला.

"ठमीला आवडतो?"

"हो."

"तुला विचारत नाही. तुझं दिसतंयच. कधीपासून भाजीत मीठ म्हणून नाही." त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, मुलाचा फोटो सरळच होता, तो त्यांनी उगाच सरळ केला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "येऊ दे. चहा पिऊन जाईल."

मी न्हाणीघरात जाऊन रडले. आनंदाने रडायची सवय राहिली नव्हती. बराच वेळ मला कळेना, हे नेमकं कसलं रडू आहे.

*

त्याच आठवड्यात, रविवार यायच्या आधीच, तो व्हिडिओ झाला.

वर्गात धडा होता 'कात्री'. तो फळ्यासमोर उभा राहून बोलला आणि मुलांनी शाळेच्या टॅबवर त्याचं बोलणं टिपलं. तो म्हणाला होता, "आई सांगते म्हणून लगेच खरं मानू नका. आईला विचारा, तुला कुठून कळलं. दोघांनाही कळेनासं झालं, तर आईला घेऊन माझ्याकडे या, आपण मिळून शोधू. आणि खात्री होईपर्यंत पुढे कुणाला सांगू नका."

मग मुलांनी कात्री चालवायची होती. एकही शब्द न घालता, फक्त कापून, अर्थ उलटा करायचा. ठमीच्या गटाचं काम सगळ्यांत चोख झालं. त्यांच्या व्हिडिओत तो म्हणत होता, "आई सांगते म्हणून खरं मानू नका. माझ्याकडे या. कुणाला सांगू नका."

मुलं टाळ्या पिटत होती. माझ्या अंगावर काटा आला.

"हे पालकांना पाठवणार आहे," तो म्हणाला. "खाली लिहीन, यात काय कापलंय ते मुलांबरोबर ओळखा. पूर्ण व्हिडिओ उद्या."

"दोन्ही एकदम पाठवा ना."

"मग शंका घ्यायला वेळ कुठे उरला?"

"सगळे पालक तुमच्या वर्गात बसलेले नाहीत हो."

"त्यांची मुलं बसली आहेत," तो म्हणाला. इतक्या विश्वासाने म्हणाला, की मी पुढे बोलले नाही.

चहाच्या वेळेला त्याने व्हिडिओ पाठवला. दिवेलागणीपर्यंत तो शहरभर गेला होता. खालचा मजकूर मागेच राहिला. व्हिडिओ तेवढा पुढे पळाला, नव्या ओळी चिकटवून घेत: शाळेतल्या मास्तरचं खरं रूप. आपल्या मुली सांभाळा.

मी त्याला फोन केला. "पूर्ण पाठवा. आत्ताच्या आत्ता."

"पाठवला," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "लोक म्हणतायत, हा आता एडिट करून टाकलाय."

*

पालकसभेला सभागृह गच्च भरलं होतं. आईही माझ्याबरोबर आल्या. तो पुढे, बाजूच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसला होता. परीक्षेला बसवलेल्या मुलासारखा. शाळेत येताना त्याने मला फोनवर बजावलं होतं, तुम्ही बोलू नका, तुमच्यावर येईल. मी उठले.  पडद्यावर पूर्ण व्हिडिओ लावला, मोठ्या आवाजात, आणि तो कसा आणि कुणी कापला ते सांगितलं.

सगळ्यांनी पाहिला. कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. क्षणभर मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

मग पालक संघाचे अध्यक्ष उभे राहिले. दातांचे डॉक्टर, स्वभावाने सज्जन माणूस. "ताई, आमचा विश्वास बसला. खरंच बसला. पण बाहेर फिरतोय तो आधीचा. उद्या नवीन प्रवेशाला येणारा पालक तोच बघून येणार. हे आता खऱ्या-खोट्याचं राहिलेलं नाही."

"मग कशाचं आहे?" मी विचारलं.

 उत्तर मागून एका बाईने दिलं. "हिला बरा एवढा पुळका. रोज दुपारी असते ना तिथे."

दोन-चार जणी हसल्या. मुख्याध्यापिका, मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात, टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. वाचनतास बंद, खोली संगणकाच्या सरावाला, आणि सर स्वखुशीने राजीनामा देत आहेत, असं त्यांनी वाचून दाखवलं. सरांनी मान हलवली. स्वखुशीने.

दुसऱ्या दिवशी ठमी शाळेतून आली ती गप्पच. मग भात कालवता कालवता म्हणाली, "आई, सगळे मला विचारतायत, सरांनी तुला काय केलं. काय केलं म्हणजे काय?" मी तिच्या भातावर आणखी तूप वाढलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी फार चांगलं कापलं म्हणून झालं का गं?"

*

त्याच्या शेवटच्या दिवशी मी शाळा सुटायच्या आधी गेले. शेल्फं रिकामी झाली होती, भिंतीवर पुस्तकांच्या उंचीचे फिकट पट्टे राहिले होते. तो खोक्यांना दोरी बांधत होता.

"बहिणीच्या गावाला जातोय," तो म्हणाला. "तिच्या नवऱ्याचं दुकान आहे. इथल्या कुठल्या शाळेत आता मला..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"आम्ही येतो."

"कोण आम्ही?"

"मी आणि ठमी. आईंना विचारते. त्याही येतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. इतकं नीट त्याने मला कधी पाहिलं नव्हतं.

"तो व्हिडिओ तिथे पोचलाय," तो म्हणाला. "बहिणीला तिच्या शेजारणीने दाखवला. आता तुम्ही ठमीला घेऊन माझ्या घरात राहायला आलात, तर तिला रोज कुणीतरी विचारेल, तुला काय केलं. शाळेत, रस्त्यात, मोठी झाल्यावरसुद्धा. मी तिच्या दप्तरात हे भरणार नाही."

"पण ते खोटं आहे."

"हो," तो म्हणाला. "काय फरक पडला?"

हे तो म्हणाला. मुलांना पाय आपटायला लावणारा तो. मला त्याचं तोंड दाबून धरावंसं वाटलं. पण वाद मी घातला नाही. ठमीच्या ताटासमोर बसून मी आधीच हरले होते.

"माझं प्रेम आहे तुमच्यावर," मी म्हणाले. "निदान हे तरी पूर्ण ऐकून जा."

त्याने दोरी खाली ठेवली. माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले. त्याचं कपाळ तापल्यासारखं होतं. "माझंही," तो म्हणाला. "फार."  घंटा झाली.

मी डोळे कोरडे करून फाटकाशी आले. आई ठमीला घेऊन उभ्या होत्या. भोवती आयांचे घोळके. मी आल्यावर त्यांचं बोलणं थांबलं.

"सर आज जाणार ना?" ठमीने विचारलं. "मी त्यांना भेटून येते. मला सॉरी म्हणायचंय."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे पोरीला," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं. मी जाते हवं तर बरोबर."

ग्रंथालयाच्या खिडकीत तो उभा होता. ठमीला पाहून त्याने हात वर केला. फाटकाजवळच्या सगळ्या बायका खिडकीकडे वळल्या, मग ठमीकडे, मग माझ्याकडे. एकीने पर्समधून फोन काढला.

"नको," मी म्हणाले.

"अगं, पण आई—" ठमी म्हणाली.

"नको म्हटलं ना. चल."

तिचा दंड मी इतका घट्ट धरला होता की ती कळवळली. आईंनी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं. वळताना मी एकदा वर पाहिलं. त्याने आम्हा तिघींना ओलांडून त्या बायकांकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि खिडकी लावून घेतली.