शोधात न चढणारं नाव

ही गोष्ट रचलेली नाही. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मागचा हिवाळा. सोलापुरात सात रस्त्याजवळचं एक छोटं ऑफिस. आणि वेळ भर दुपारची, बरं का.

धम्मप्रिया तिथे रक्तदात्यांची नावं सांभाळते. मूळ नोंदीतलं नाव कॉम्प्युटरवरच्या 'शोधा'त चढवायचं, की दवाखान्यांना ते चटकन सापडतं. कोणी वारलं तर नोंदीत नावाआधी 'कै.' लागतं, आणि ऑफिसातल्या सोमेशने लिहिलेला प्रोग्रॅम ते नाव शोधातून गाळतो.

पण बौद्ध घरांत 'कै.' नाही, 'कालकथित' लिहितात. सोमेशच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. त्यामुळे गेलेल्या माणसासाठी त्याच्याच घरी फोन जायचे, रक्त द्यायला या म्हणून.

धम्मप्रियाला हे फार लागलं. तिने प्रोग्रॅममध्ये 'कालकथित' हा शब्द घातला आणि सगळी नावं नव्याने चढवली.

मग सहज म्हणून धाकट्या भावाचं, दिपकचं नाव शोधलं. तोही रक्त देतो.

काहीच आलं नाही...

तिने मूळ नोंद उघडली. नाव होतं. त्याच्या मागेपुढे काही नव्हतं.

पुन्हा चढवलं. पुन्हा गळालं. गाळण्याचं कारण म्हणून एकच शब्द दिसत होता...

कालकथित.

तिला सोमेशचाच संशय आला. चूक दाखवली म्हणून हा उट्टं काढतोय.

"माझ्या भावाच्या नावाशी खेळू नको, सोमेश."

"मी हातपण लावलो नाही की."

त्याने स्वतः चढवून पाहिलं. नाव गळालं. सोमेशचा चेहरा उतरला.

दिपक सकाळीच कामासाठी केम गावाला गेला होता. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली... मग तीही थांबली.

संध्याकाळी ती धावतच घरी आली. दिपक दारात चहा पीत बसला होता. तिला रडू कोसळलं.

"येडी का काय? पोरगं समोर हाय की," आई म्हणाली.

दिपक खातो, पितो, कामाला जातो. नाव मात्र अजून चढत नाही. धम्मप्रिया ऑफिसात गेली की रोज आधी तेच शोधते. घरी तिने यातलं अवाक्षरही काढलेलं नाही.

परवा जेवताना दिपक ताटातून मान वर न करता म्हणाला...

"ताई, रोज माझं नाव कशाला शोधतीस? मी न्हाय की तितं."

तिच्या हातातला घास तसाच राहिला. तेव्हापासून ती त्याच्या शेजारी जेवायला बसत नाही. तिला भीती वाटते.

आई विचारते, भांडलात का? ती नाही म्हणते आणि ताट घेऊन आत जाते.