मागची उजवी बाजू

जुनी जीप दुरुस्त करायची म्हटली की शहादा तालुक्यातले लोक अजून माझ्याकडे येतात. नव्या गाड्यांना मी हात लावत नाही. त्यांना लॅपटॉप जोडल्याशिवाय स्वतःचं दुखणं सांगता येत नाही. जीपचं तसं नसतं, तिला जे दुखतं ते ती कण्हून सांगते. लोणखेड्याला रस्त्यालगत माझं शेड आहे. पाटीवर ‘हिलाल मिस्त्री’ लिहिलंय. एकटाच काम करतो. तोंड फटकळ, त्यामुळे हाताखाली कोणी टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कोणी लागत नाही.

मार्चच्या मध्याला, सकाळी दहाच्या सुमारास पितांबरनानांची जीप दारात येऊन उभी राहिली. मी पान्हा खाली ठेवला. मनात पहिला विचार आला तो मागच्या बाजूने पळून जायचा.

नाना कोरीटचे, तापीपलीकडचे. त्यांची एकुलती एक मुलगी स्वप्नाली तोरणमाळला दिलेली, जावई तिथे शाळेत मास्तर. फेब्रुवारीत तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं. सातवा महिना संपत आला होता. आमच्याकडे आठव्यात पोटुशी बाई हलवत नाहीत, नदी तर ओलांडूच देत नाहीत. आणायची तर सातव्यात, नाहीतर थेट नववा लागल्यावर. नाना घाट चढायच्या आधी गाडी दाखवायला माझ्याकडे आले होते. दोन मागच्या चाकांना जोडणारी जी जाड नळी असते, ज्याच्या पोटात एक्सल फिरतो, तिला उजव्या बाजूला केसाएवढी भेग गेली होती. मी म्हटलं, बदलावं लागेल, माल यायला चार दिवस लागतील. नाना म्हणाले, "रविवारपासून आठवा लागस रे भाऊ. चार दिन कथाईन आनू?"

मी भेग वेल्ड केली, वरून पट्टी मारली, आणि म्हणालो, "जाऊन या नाना, काही होत नाही."

राणीपूरच्या पुढे, घाट उतरताना ती नळी फाटली. माझ्या वेल्डिंगला लागूनच फाटली. जीप उजव्या अंगाने दगडाच्या भिंतीवर आदळली. नाना पुढे होते. मागे डावीकडे दगूबाई, म्हणजे नानांची बायको, आणि उजवीकडे स्वप्नाली. नवराबायको वाचले. स्वप्नालीला प्रकाशा गावी, तापीच्या अलीकडच्या काठावरच अग्नी दिला. मी दारावर सांत्वनाला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

तेच नाना आता लंगडत उतरले. माझ्याकडे पाहिलं. शिवी नाही, रडणं नाही.

"हिलाल, मांगला एक्सल देखी ले. ह्याच मापना नवा टाकानं का भारी टाकानं, ते तू सांग."

"नाना, मन्हाकडे कसाले ऊनात? दुसरा मिस्त्री..."

"तूच करशी," ते म्हणाले आणि बाकड्यावर बसले.

दगूबाई उतरल्या नाहीत. मागे डाव्या सीटवर बसून होत्या. शेजारच्या उजव्या सीटवर गोधडी अंथरलेली, पाठीला उशी लावलेली. सामान काहीच नव्हतं.

मी कामाला लागलो. काम सुरू झालं की माझं डोकं ताळ्यावर येतं. अपघातानंतर कोणीतरी पत्रा ठोकून सरळ केला होता आणि भंगारातला एक एक्सल बसवला होता. तो गुरगुरत होता, त्यात नवल नव्हतं. नवल दुसरंच होतं. गाडी मागे उजवीकडे चांगली दोन बोटं बसलेली होती. पाटे, म्हणजे चाकावर भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, पाहिले, तर नवेकोरे. म्हटलं, एखादा पाटा नरम निघाला असेल, होतं असं. दगूबाईंना विनंती करून उतरवलं, डावीकडचे पाटे उजवीकडे घातले, उजवीकडचे डावीकडे. दोन तास गेले, घामाने बनियन चिकटलं. गाडी जॅकवरून उतरवली, दगूबाई गाडीशी काहीतरी पुटपुटल्या आणि चढून बसल्या.

गाडी पुन्हा उजवीकडेच बसली.

चाकांत हवा सारखी होती. जमीन मी लेव्हलच्या नळीने तपासली, सरळ होती. चेसी वाकली असेल म्हणून दोरी लावून कर्ण मोजले, तेही बरोबर. मला रागच आला. लोखंड माझ्याशी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

"नाना, काट्यावर नेऊ," मी म्हटलं.

कापसाच्या जिनिंगजवळ वजनकाटा आहे. तिथे दोघांनाही खाली उतरवलं, मीही उतरलो. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. काट्याने त्यापेक्षा साठ किलो जास्त दाखवले. काटेवाला जांभई देत म्हणाला, जुनी गाडी, पत्रे-बित्रे वाढवले असतील. मी मान हलवली. पत्रे वाढवलेले नव्हते, मी स्वतः सगळी गाडी चाचपली होती.

परत येताना मी विचारलं, "नाना, भारी एक्सल कसाले जोयजे? माल ट्रॅक्टरवर जास. गाडीमा दोन मानसे बठतस. ह्याच मापना नवा टाका, दहा वर्षं देखनं नई."

माझा सल्ला बरोबर होता. भारी एक्सल म्हणजे मोठ्या गाडीचा काढून आणायचा, त्यावर पाट्यांच्या बैठका नव्याने बसवायच्या, मधला शाफ्ट कापून आखूड करायचा, चाकंही बदलायची. हौसेने डोंगरात गाड्या उडवणारी पोरं करतात असले उद्योग. साठीच्या माणसाला ते कशाला?

नानांनी आरशात मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाले, "वजन वाढी ऱ्हायनं."

"कसानं वजन?"

मागून दगूबाई म्हणाल्या, "हळू चालाडा. खड्डा शे."

मी दोन्ही ठिकाणी फोन केले. ह्याच मापाचा नवा एक्सल नंदुरबारला होता. भारी एक्सल धुळ्याला एकाकडे निघाला. ठरवायला आठवडा घेतला. तो आठवडा नाना रोज सकाळी जीप घेऊन यायचे, तासभर बसायचे, जायचे. चौकशी केली तेव्हा कळलं की दोघं महिन्याभरापासून लोणखेड्यालाच दगूबाईंच्या बहिणीकडे राहताहेत. जीप अंगणात उभी असते. दगूबाई दिवसभर तिच्यात बसून असतात, जेवणाचं ताटही तिथेच नेतात, आणि ताटं दोन असतात. बहीण माझ्या बायकोजवळ रडली होती, पोरीच्या दुःखाने डोकं फिरलं म्हणून. मलाही तसंच वाटलं. तसं वाटणं सोपं होतं.

"घर सोडीसन आठे काबर ऱ्हातस नाना?" मी एकदा विचारलंच. "पूल ओलांडा की घर शे."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी या मुलखातला नव्हेच. "आठवा चालू शे ना," ते म्हणाले. "आठव्यामा नदी कशी ओलांडानी?"

मी उजव्या सीटवरच्या गोधडीकडे पाहिलं.

त्याच दिवशी मी जीप पुन्हा काट्यावर नेली. नानांना सांगितलं, ब्रेक पाहतो. दगूबाईंना उतरा म्हणालो, तर त्या उतरल्या. टाकीतलं डिझेल आठवड्यात वापरलं गेलं होतं, म्हणजे वजन थोडं तरी कमी भरायला हवं होतं.

पाच किलो वाढलं होतं.

मी ती चिठ्ठी फाडून टाकली. घरी येऊन जेवलो नाही. बायकोने दोनदा विचारलं, काय होतंय. काय सांगणार? पहिल्या वेळी लोखंड मला स्पष्ट सांगत होतं की नको, आणि मी माणसाचं ऐकलं. आता माणूस सांगत होता आणि लोखंडही तेच सांगत होतं. मग न ऐकून कसं चालेल? सकाळी उठून धुळ्याला फोन केला. भारी एक्सल मागवला, आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा.

माल आल्यावर दोन दिवसांनी सकाळी दोघं आली. मी बैठका आधीच तयार ठेवल्या होत्या, प्रत्येक वेल्ड दोनदा मारलेला, वरून हातोड्याने ठोकून पाहिलेला. भेग दिसते का म्हणून रॉकेल लावूनही पाहिलं होतं. आयुष्यात इतकं नीट काम मी केलं नसेल.

"मावशी, आते गाडी पुरी उचलनी पडी," मी म्हणालो. "खाली करा."

दगूबाई उतरल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या. दार उघडलं.

"उतरस का माय?" त्या म्हणाल्या. "हळू. घाई नको करू. मी हात धरस."

मी चाकाजवळ उकिडवा बसलो होतो. पाटे माझ्या नाकासमोर होते.

पाटे कुरकुरले.

एकमेकांवर घासत हळूहळू उघडले. गाडी दोन बोटं वर आली आणि सरळ उभी राहिली.

दगूबाईंचा हात कोपरात वाकलेला होता, कोणाचा तरी भार पेलल्यासारखा. तशाच त्या बाकड्यापर्यंत गेल्या. पाय ओढत, कमरेत मागे झुकत चालणाऱ्या बाईच्या चालीने, थांबत थांबत. बाकडं जुनं, फळी सैल. दगूबाई उभ्याच होत्या. फळी वाजली.

नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "मावशी, चूक मन्ही व्हती. मी नई म्हनाले जोयजे व्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुन्ही एकलानी नई," त्या म्हणाल्या. "आठवा लागस, आठवा लागस करीसन मीच जीव खादा तेस्ना. आते दम धरीसन कर. आते नववा लागना. सोमवारले पूल ओलांडसूत."

मी दिवसभर काम केलं. बाकड्याकडे पाहिलं नाही. मात्र दुपारी पाण्याचा माठ त्यांच्या जवळ नेऊन ठेवला, आणि दोन पेले ठेवले.

संध्याकाळी पाचला गाडी तयार झाली. दगूबाईंनी उजवं दार उघडलं. आम्ही तिघं थांबलो. गाडी किंचित, अगदी करंगळीएवढी खाली गेली. भारी एक्सलने, जादा पाट्याने भार पेलला. नाना इतक्या हळू गाडी चालवत गेले की मागून सायकलवाला पुढे निघून गेला. मी रस्त्यात उभा राहून रडलो. लाज नाही वाटली.

सोमवारी मी प्रकाशाच्या पुलावर गेलो होतो. कामाचं निमित्त काढून. जीप पुलावर चढली, मध्यावर थांबली, दगूबाईंनी नारळ पाण्यात सोडला, आणि गाडी पलीकडे उतरली. सुखरूप. मी हात जोडले. कोणाला, ते विचारू नका.

तीन आठवड्यांनी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन गेल्यावर, एका दुपारी जीप पुन्हा शेडमध्ये आली. मी सवयीने आधी मागे पाहिलं. गाडी मागून उंच उभी होती. दोन्ही बाजू अगदी सारख्या. उजव्या सीटवर गोधडी नव्हती, उशी नव्हती.

"नाना," मी म्हणालो. "स्वप्नाली?"

नाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. त्यांची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. फेब्रुवारीतसुद्धा ते असे दिसले नसतील.

"ती गयी," ते म्हणाले.

मी त्यांच्या दाराशी गेलो. तेच म्हणाले, "मांगना पाइपले दोन कड्या लावी दे. जाड लाव. निघाले नको."

छताच्या हुडच्या पाइपाला मी दोन कड्या वेल्ड केल्या. कशासाठी ते विचारलं नाही. कड्या गार होईपर्यंत दगूबाई खाली सावलीत बसून होत्या, दोन्ही हात छातीशी धरून, पदर पुढे ओढून. मग गाडीत चढल्या आणि एका हाताने, फार सावकाश, जुन्या लुगड्याची झोळी त्या कड्यांना बांधली. दुसरा हात छातीशीच होता. झोळीवर वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या, मग दोन्ही हात मोकळे करून सरळ बसल्या.

कड्यांचा जोर पाहायला हवा म्हणून मी पुढे झालो आणि रिकामी दिसणारी झोळी खालून धरून ओढायला गेलो.

"हळू," दगूबाई म्हणाल्या. "आत्तेच झोपनी शे."

मी हात काढून घेतला. तळवा ओला झाला होता, कोमट.