तीनशे दोनची हवा

"माझ्या बायकोचा जीव या घरानं घेतला," नृसिंह सर म्हणाले आणि फाइल टेबलावर ठेवली. "त्याला जबाबदार कोण, ते मला शोधून द्या."

अवंतिका सरनोबत खासगी तपासाची कामं घेत. त्यांचा मदतनीस गुंडू निवृत्त हवालदार होता. हा शिक्षक दुःखानं खुळावलाय, असंच त्याला आधी वाटलं.

सर, त्यांची बायको माई आणि मुलगा यशराज दसऱ्याला रंकाळ्यापलीकडच्या नव्या इमारतीत, तीनशे दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. माईंना दमा, म्हणून मुद्दाम हरित प्रमाणपत्राची, म्हणजे आरोग्याला निर्धोक ठरवलेली इमारत निवडली. पण आठवड्यात सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले आणि मार्चमध्ये दमा उसळून माई गेल्या. कपाटांच्या बोर्डांतल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, हे सरांनी नंतर वाचलं.

"प्रमाणपत्र जूनमध्येच मिळालं होतं. तरी माईसाठी मी हवा वेगळी तपासून घ्यायला लावली," सर म्हणाले. "धावपळ सगळी यशराजनं केली."

"दुसऱ्यांदा तर अगदी स्वच्छ आली होती," यशराज खालमानेनं म्हणाला.

फाइलीत एकच अहवाल होता. तपासणी सप्टेंबरातली, सकाळी नऊची. सोबतच्या फोटोत हॉलच्या फरशीवर यंत्र होतं आणि त्याच्या शेजारी उन्हाचा पट्टा.

संध्याकाळी पाचला अवंतिका आणि गुंडू फ्लॅट बघायला गेले. हॉलला एकच बाल्कनी, आणि तिथून आलेलं ऊन थेट गुंडूच्या डोळ्यांत. अवंतिकांनी कपाट उघडलं तसा उग्र दर्प आला. दरवाजे चांगल्या बोर्डाचे, शिक्का मारलेले. पाठ आणि आतले खण मात्र हलक्या बोर्डाचे.

"पाठीमागं कोण बघतंय, पावणं?" सगळ्या इमारतीच्या सुतारकामाचा ठेकेदार सम्राट बेफिकीरपणे म्हणाला. "हवा नापास झाली तवाच मी मालकाला सांगितलेलं की. समदं काढाय लागंल, चार म्हैनं जातील. दसरा हुकतोय म्हटल्यावर मालक गप झाला."

गुंडूनं मनातल्या मनात बिल्डर धैर्यशीलला बेड्या ठोकल्या.

धैर्यशील मात्र चक्रावला. "नापास? मला कुणी बोललंच नाही. तीनशे दोनच्या चाव्या जुलैपासून त्यांच्याकडं आहेत. समोरचा नमुन्याचा फ्लॅट तेवढा उघडा असायचा. तिथलं फर्निचर जुन्या सागवानाचं, बोर्डाचं नाही."

हवा तपासणारा बाळासो म्हणाला, "तवा दारांवर नंबर न्हवतं. ज्या घरात नेलं तिथं यंत्र ठिवलं. अहवाल हजर माणसाच्या हातात दिला."

दुसऱ्या दिवशी अवंतिकांनी बापलेकांना बोलावून घेतलं.

"सर, तुमचा हॉल पश्चिमेला आहे. सकाळी नऊला तिथं ऊन येत नाही. हा फोटो समोरच्या नमुन्याच्या फ्लॅटचा आहे."

"म्हंजे धैर्यशीलच!" गुंडू उसळला.

"त्याला प्रमाणपत्र आधीच मिळालं होतं. ही तपासणी झाली काय, न झाली काय, त्याला सारखंच. आणि बिल्डरचा कुठला दसरा हुकणार होता? सम्राट म्हणाला तो मालक म्हणजे घरमालक. नापास झाल्याचं धैर्यशीलला माहीतच नव्हतं, तुम्हालाही नाही. पण फाइलीत एकच अहवाल असताना 'दुसऱ्यांदा' हा शब्द एकाच्या तोंडून आला."

सरांनी मुलाकडं पाहिलं.

"भाड्याच्या घरात ओल होती, बाबा," यशराज म्हणाला. "तिथंही आईला धाप लागायची. दसरा दसरा म्हणून तिनं दिवस मोजले होते. वाटलं, खिडक्या उघड्या ठेवल्या की महिन्यात वास जाईल. पहिला अहवाल मी फाडून टाकला, आणि दुसऱ्यांदा यंत्र समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवायला लावलं."

गुंडूनं नोकरीत पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. ही ऐकवेना. त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं.

सर म्हणाले, "हलके बोर्ड सम्राटनं लावले. खटला त्याच्यावर घालू."

"डॉक्टरांनी मृत्यूचं कारण दमा लिहिलंय," अवंतिका म्हणाल्या. " हवेचा एकमेव कागद पास म्हणतो. सम्राटवरचा आरोप कोर्टात उभा राहणार नाही. राहिलाच, तर आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला यशराज उभा राहील."

"आणि इमारतीतली बाकीची चाळीस घरं?" सरांनी विचारलं.

"बोर्ड तेच असणार. मी कालच बिल्डरला पत्र दिलं. उत्तरादाखल त्यानं प्रमाणपत्राची प्रत पाठवली."

सर उठले. फाइल टेबलावरच राहिली. दारापाशी यशराजनं हळूच विचारलं, "कुठं जायचं, बाबा?"

"घरी," सर म्हणाले. "दुसरं आहे कुठं?"