पुसून दिलेलं मशीन

खट्! दोरा पुन्हा तुटला.

सगुणाबाईंनी मशीनचं चाक थांबवलं, दोरा पुन्हा सुईत ओवला आणि श्वास रोखून चाक फिरवलं. दोन टाके सुटले, तिसऱ्याला दोरा परत तुटला. मारुतीच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या.

"ऱ्हाऊ द्या आता," धोंडाबाई काकी दारातून म्हणाली. "यंत्राला बी कळतं, कुणाचा हात लागलाय ते."

अंगणात बसलेल्या बौद्धवाडीच्या बायकांनी माना खाली घातल्या. काकीनं मशीन आत नेलं आणि नेहमीप्रमाणे त्याच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. लिंबाखाली लेझीम खेळणाऱ्या हिराचे पाय मात्र जागच्या जागी थांबले. तिची मैत्रीण तारा शेजारीच उभी होती, आणि सगुणाबाई ताराची आई होती.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत कोंढाळवाडीत नुसती धमाल होती. वेल्ह्याच्या सरकारी सेविकाबाईंनी गावात लहानथोर सगळ्यांसाठी वर्ग काढले होते. पोरांना लेझीम, म्हाताऱ्यांना भजन, बायकांना शिवण. शिवणाला हाताचं एकच मशीन. गावातल्या बायका धर्मशाळेत बसून शिकत आणि बौद्धवाडीच्या बायकांची पाळी आली की मशीन बाहेर अंगणात येई. सरकारचा वर्ग सगळ्यांसाठी होता, पण धर्मशाळेचा उंबरा गावाचा होता. सेविकाबाई आठवड्यातून एकदाच एसटीनं येत. एरवी मशीनच्या पेटीची किल्ली सरपंचांच्या बायकोकडे, म्हणजे धोंडाबाई काकीकडे असे.

पहिल्या आठवड्यात बाईंसमोर सगुणाबाईंनी अशी शिवण घातली होती, की बाईंनी ते कापड हातात धरून सगळ्यांना दाखवलं. सुट्टीच्या शेवटी होणाऱ्या मेळाव्यात ज्या बाईचं झबलं सरस ठरेल, तिला भोरला शिकायला पाठवणार आणि मग तीच आसपासच्या गावांत शिकवणार, असं बाई म्हणाल्या होत्या. नवरा गेल्यापासून रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या सगुणाबाईंच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं होतं. आणि काकीचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवसापासून अंगणात मशीन कुणाच्याच हाताला चालेना, सगुणाबाईंच्याही नाही. बाईंनी विचारलं, तर काकी सांगे, "त्यास्नी जमत न्हाई." बाईही मान हलवून पुढच्या एसटीची वेळ बघत.

"मेळाव्यात जमलं न्हाई, तर आय परत खडीवर जानार हाय," तारा म्हणाली. "लई खोकला येतो गं तिला तिथं. रातभर बसून ऱ्हाती."

आई लहानपणीच गेल्यावर हिराला काकीनंच वाढवलं होतं. तिची वेणी काकी घाली, तापात उशाशी काकी बसे. पण डोक्यात एक गोष्ट टोचत होती. मशीन आत आल्यावर काकी पाणी शिंपडते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण ते बाहेर नेण्याआधी ती दार लोटून घेऊन पुसत का बसते? भांडं वापरल्यावर घासतात. वापरण्याआधी कोण घासतं?

तिनं हे गेनूला सांगितलं. गेनू काकीचाच मुलगा, हिराहून वर्षानं लहान आणि तोंडानं दुप्पट. तो म्हणाला, तुला उगाच पोलिसगिरी सुचते. तरीपण दुसऱ्या दिवशी दुपारी भजनकऱ्यांच्या गुंडाळलेल्या जाजमामागं तो तिच्याआधी जाऊन लपला.

काकी आली. दार लोटलं, पेटी उघडली. पदरानं मशीन पुसायला लागली आणि पुसता पुसता तिनं सुईचा स्क्रू सैल केला. सुई अर्धी फिरवली. स्क्रू पुन्हा आवळला.

हिराला आठवलं. बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, सुईच्या बुडाची एक बाजू सपाट असते. ती उलटी बसली तर टाका पडत नाही, दोरा तुटतो. हे शिकवलं होतं धर्मशाळेच्या आत. अंगणात बसलेल्यांना ते दिसलंच नव्हतं.

बाहेर थांबलेल्या तारानं विचारलं, काय दिसलं? "कायबी न्हाई," गेनू कसाबसा म्हणाला आणि हिराला बाजूला ओढून नेलं. "माजी आय हाय ती. तू गप बस."

हिरा गप्प बसली. संध्याकाळी काकीनं तिच्या वेणीला तेल लावलं, तेव्हाही गप्प बसली आणि तिला स्वतःची चीड आली. सकाळी उठून ती थेट बौद्धवाडीत गेली आणि ताराला सगळं सांगून टाकलं.

तारा ताडकन उठली. आत्ताच जाऊन सुई सरळ करू, म्हणाली. पण किल्ली काकीकडे. आज सरळ केली, तरी उद्या पुन्हा उलटी होणार. सांगायला जावं, तर सरपंचांच्या बायकोपुढं पोरींचं कोण ऐकणार? मग हिराच्या डोक्यात एक बेत आला. बेत सोपा होता, फक्त तो सांगताना तिला रडू येत होतं.

मेळाव्याच्या दिवशी वेल्ह्याहून तालुक्याच्या साहेबांची जीप आली. लेझीम झाली, म्हाताऱ्यांचं भजन झालं. काकीचं झबलं आधीच शिवून तयार होतं, सगळ्यांनी ते वाखाणलं. मग सेविकाबाई म्हणाल्या, आता अंगणातल्या भगिनींची पाळी. काकी आत गेली, दार लोटलं आणि मशीन पुसून बाहेर घेऊन आली.

सगुणाबाई पुढं सरकल्या. त्यांनी हात पदराला पुसले.

तेवढ्यात हिरा उठली. "सायेब, आमची काकी लई सुरेख शिवती. आधी तिनं चार टाके घालून दावावेत. म्हंजे ते बघून बाकीच्यांना जमंल."

साहेब खूश झाले. "वा, बरोबर बोलली मुलगी. या बाई, दाखवा."

काकी जागच्या जागी खिळली. नको नको म्हणाली, पण तिच्या नवऱ्यानं, सरपंच रामभाऊ काकांनीच, तिला हसत पुढं केलं. ती मशीनपुढं बसली. आता तशीच शिवायला गेली, तर दोरा तिच्या हातात तुटणार होता, सगळ्या गावासमोर, आणि कुणाचा हात लागलाय ते यंत्राला कळतं, हे तीच रोज सांगत आली होती. तिनं हिराकडे एकदा पाहिलं. मग पदर आडवा घेऊन झटकन स्क्रू सैल केला आणि सुई फिरवली.

"थांबा," सेविकाबाई म्हणाल्या. "तुम्ही अजून एक टाकाही घातला नाहीत. सुई उलटी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

काकीनं सुईवरचा हात मागं घेतला.

"रोज तीच उलटी करती," तारा म्हणाली.

बाईंनी मशीन उचललं आणि स्वतः सगुणाबाईंपुढं ठेवलं. चाक फिरलं. शिवण अशी सरळ आली, की साहेबांनी चष्मा लावून पाहिली. भोरला कोण जाणार, हे तिथंच ठरलं. सगुणाबाईंना आनंद झाला असेलच, पण त्या हसल्या नाहीत.

"बाई, मी रोज माजे हात बघत व्हते," त्या म्हणाल्या. "म्हनलं, खरंच काय वंगाळ असंल ह्या हातांत."

सेविकाबाईंना त्यांच्याकडे बघवेना. साहेबांनी हिराचं आणि ताराचं तोंड भरून कौतुक केलं. अशा धीट मुली प्रत्येक गावात हव्यात, म्हणाले. रामभाऊ काकांनी हिराची पाठ थोपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घरातली पोर हाय."

जीप गेली. दिवस कलताना हिरा घरी आली. स्वयंपाकघरात पानं मांडली होती, पण तिचं पाट-ताट तिथं नव्हतं. ते बाहेर ओट्यावर, चपलांजवळ ठेवलं होतं.

"तिकडचीच ना तू? मग हितंच जेव," काकी म्हणाली. हिरानं पाण्यासाठी तांब्या उचलला, तेव्हा काकीनं तो काढून घेतला आणि तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. बौद्धवाडीच्या बायकांना ओततात तसं. निम्मं पाणी झग्यावर सांडलं.

हिरानं दारातून आत पाहिलं. काका ताटावर वाकले होते. साहेबांसमोर तिची पाठ थोपटणारा हात भाकरी मोडत होता आणि त्यांनी मान वर केली नाही. तिचे डोळे भरून आले. सगुणाबाई इतकी वर्षं असंच पाणी पीत आल्या होत्या, आणि ती रोज ते बघत होती, हे तिच्या आता लक्षात आलं.

आत पाट सरकल्याचा आवाज झाला. गेनू ताट घेऊन बाहेर आला. आईनं त्याला हाक मारली, मग दरडावलं. तो हिराशेजारी ओट्यावर मांडी घालून बसला आणि ओंजळ पुढं केली.

"आय," तो म्हणाला, "मला बी वरनंच वत."

काकी तांब्या धरून दारात उभी राहिली. पाणी मात्र तिच्यानं ओतवेना.