वेढ्यातला शेजारी

होम्समधल्या बाब हूद वस्तीतल्या आमच्या दिवाणखान्याला रस्त्याच्या बाजूची भिंत उरली नव्हती. तिथे मी जाड प्लॅस्टिक ठोकलं होतं आणि होम्सचा वारा ते दिवसभर फडफडवत असे. बोलता बोलता माणूस मध्येच थांबायचा, कुणी दार वाजवतंय का ते ऐकायला. बहुतेक वेळा वारा असायचा. पण पहिल्या आठवड्यात बरेचदा खरंच कुणीतरी असायचं.

परत आलेल्यांच्या घरात लोक येतातच. रुदैना, माझी बायको, सकाळपासून कॉफीची किटली उतरवत नव्हती. आमची मुलगी लमार सोळा वर्षांची. तिला इथलं काही आठवत नव्हतं आणि ती तुर्की वळणाचं अरबी बोलायची, म्हणून बायका तिचे गाल ओढून हसायच्या. गच्चीवर सोलरचं पॅनेल बसलं, पाण्याची टाकी चढली. समोरच्या अर्ध्या पडलेल्या इमारतीत, दोन मजले खाली, कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मला ते बघून बरं वाटायचं.

जमिनीची मोजणी हे माझं शिक्षण आणि माझा स्वभावही. जे मोजता आलं नाही ते नकाशात घालायचं नाही. आम्ही इथून निघालो ते युद्धात या वस्तीला वेढा पडायच्या आधी. लेबनॉनच्या हद्दीवर लमार माझ्या अंगावर ओकली होती. तो शर्ट मी तिथल्याच त्रिपोली शहरात एका मशिदीच्या नळाखाली धुतला. पुढची सगळी वर्षं तुर्कस्तानात, समुद्रकाठच्या मर्सिनमध्ये, फरशीच्या कारखान्यात गेली. यात कुठेही फट नाही.

अबू नझीर न्हावी पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थांबला. मग त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं आणि रडायला लागला.

"तू पाणी आणलं नसतंस, तर माझी म्हातारी तहानेनं गेली असती," तो म्हणाला.

"कसलं पाणी?"

"घ्या. कसलं पाणी, म्हणतो." त्याने डोळे पुसले आणि रुदैनाकडे बघून हसला. "आज बुधवार ना, वहिनी? मग बरोबर आहे."

होम्सची माणसं बुधवारी वेडी होतात असं सगळा देश म्हणतो, आणि आम्हीही ते चालवून घेतो. मीही हसलो. त्याला पाणी देणारा कुणीतरी दुसरा असेल, चेहऱ्यांची गल्लत झाली असेल.

पण तो एकटा नव्हता. कोपऱ्यावरचा भाजीवाला वांग्यांचे पैसे घेईना. म्हणाला, "वेढ्यात तू मला तुझ्यातला अर्धा कांदा दिला होतास." एक बाई जिना चढून फक्त मला बघायला आली, बघितलं आणि निघून गेली. प्रत्येकाला मी तेच सांगायचो: मी इथे नव्हतो, मर्सिनला होतो. ते मान हलवायचे. मोठेपणा सांगायला आवडत नाही अशा माणसाकडे बघतात तसं बघायचे.

मग मी केस कापायला अबू नझीरकडे गेलो. त्याच्या दुकानाला नवं काचेचं दार होतं, आत जुनीच खुर्ची. त्याने मागून कंगवा फिरवला आणि थांबला.

"टाका छान बसला की रे. शिहाब म्हणत होता, केस यायचे नाहीत."

"कसला टाका?"

त्याने माझं बोट धरून मानेच्या वर टेकवलं. केसांखाली एक बारीक, आडवी उंच रेघ होती.

"हे मर्सिनचं आहे," मी म्हणालो. "कारखान्यात फळी लागली होती."

लागली होती खरी. पण ती कपाळाला लागली होती की मागे, ते त्या क्षणी मला सांगता येईना.

"शिवणकामाचा दोरा होता," अबू नझीर कात्री चालवत म्हणाला. "शिहाब शिंपी. त्याच्या आईचा, उम्म शिहाबचा, एकुलता एक. तू ओरडलासुद्धा नाहीस. आणि बघ, त्यालाच शेवटी तू मातीत ठेवलंस. म्हातारी येईल तुझ्याकडे. तुझी वाट बघत बसली आहे ती."

ती दुसऱ्याच दिवशी आली. ठेंगणी बाई, पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, हातात कोशांची, म्हणजे लहान दुधीसारख्या भाजीची, पिशवी. वेढ्याच्या वेळी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे अडकली होती आणि शिहाब इथे आत. बाहेर पडलेल्या प्रत्येकाने तिला एकच सांगितलं होतं: अबू लमारने, म्हणजे लमारच्या बापाने, मी, त्याला पुरलं, जागा त्यालाच ठाऊक.

"मला घाई नाही, बाळा," ती म्हणाली. "तू दमून आला आहेस. पण मला जागा दाखव."

"खाला, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. आम्ही वेढ्याच्या आधीच निघालो. हिला विचारा."

मी रुदैनाकडे बघितलं. रुदैना उठली आणि शेगडीवर काही नसतानाही शेगडी बघायला आत गेली.

उम्म शिहाबने तिच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," ती म्हणाली. "आठवेल तेव्हा सांग."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. घरात यायची नाही. आमच्या जिन्यात बसायची आणि लांब सळईने कोशांचा गर कोरत राहायची, आत भात-खिमा भरायला. करकर असा बारीक आवाज. मी वर-खाली करताना पाय आवरून मला वाट द्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. लमार तिला पेला भरून माते, पाल्याचा कडू चहा, द्यायची. दोघी नळीने ते गरम कडू पाणी ओढत बसायच्या.

"बाबा, तिला काहीतरी सांगा ना," लमार एकदा म्हणाली.

"काय सांगू? खोटं?"

"खोटं नको. पण तुम्ही तिच्यावर का रागावता? तुम्ही कुणावर रागावत नाही."

मला स्वस्थता नव्हती. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते कळेना. प्लॅस्टिक फडफडलं की पाठ ताठ व्हायची. मोडक्या गल्ल्यांतून मी दुपारभर हिंडायचो, आणि ध्यानात आलं की एक गल्ली मी दर वेळी टाळतो. काळ्या दगडाच्या जुन्या कमानीची. तिथे टाळण्यासारखं काही नव्हतं. कमान, मागे पडकं अंगण, गवत. तरी पाऊल डावीकडे वळायचं.

शेवटी एका शुक्रवारी, नमाजानंतर, मी जिन्यात थांबलो. "चला, खाला. तुम्ही म्हणाल तिथे नेतो. माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, हे तुम्हीच डोळ्यांनी बघा."

तिने सळई पुसली, पिशवीत ठेवली आणि उठली.

ऊन चांगलं होतं. पोरं ढिगाऱ्यावर पतंग उडवत होती. ती माझ्या अर्धं पाऊल मागे चालत होती आणि कुठे जायचं ते सांगत नव्हती. मीच पुढे होतो. भाजीवाल्यापाशी ती थांबेल असं वाटलं, थांबली नाही. जळक्या बेकरीपाशी मी विचारलं, "आता कुठे?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी तुझ्या मागे आहे."

त्याच काळ्या कमानीच्या आत आम्ही गेलो. अंगण मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मध्ये कोरडा हौद, एका कडेला नारिंगाच्या झाडाचं खोड, बुंध्याशी कापलेलं. सरपणाला गेलं असणार. मी हौदाला वळसा घातला. दोन पावलं सरळ टाकली असती तर भागलं असतं, पण मी भिंतीला चिकटून लांबून गेलो. बाजेवर निजलेल्या माणसाला वळसा घालून जातात तसा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

उम्म शिहाबच्याही लक्षात आलं. मी ज्या जागेला वळसा घातला होता तिथे ती खाली बसली आणि गवतावर तळहात ठेवला.

"इथे?" तिने विचारलं.

मी मागे सरून भिंतीला टेकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं फावडी घेऊन आली. अबू नझीर, भाजीवाला, मशिदीतले दोघे. मी भिंतीपाशी उभा होतो. मनात म्हणत होतो की काही निघणार नाही आणि हे प्रकरण एकदाचं संपेल.

"फार खोल नको," कुणीतरी म्हणालं. "डोकं इकडच्या बाजूला आहे. हातांनी काढा."

सगळे माझ्याकडे बघत होते. बोललो होतो मीच.

पट्ट्यापट्ट्यांच्या कांबळात गुंडाळून त्याला उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून नीट ठेवलेलं होतं. छातीशी शिंप्याची मोठी कात्री होती, एका पात्याचं टोक मोडलेलं. उम्म शिहाबने ते मोडकं टोक अंगठ्याने चाचपलं आणि मान हलवली. लहानपणी त्यानेच मोडलं होतं, ती म्हणाली. डबा उघडायला गेला होता.

ती रडली ती नंतर, कब्रस्तानात, आणि अगदी थोडी. मग माझ्याजवळ आली.

"तू त्याला व्यवस्थित ठेवलंस," ती म्हणाली. "देव तुझ्या हातांचं भलं करो."

मी नाही म्हणालो नाही. 

तीन दिवस दुखवट्याची कडू कॉफी झाली. मग ती जिन्यात यायची थांबली. एका दुपारी तिने भरलेल्या कोशांचं पातेलं पाठवलं, वर दह्याचा वाडगा. लमारने मिटक्या मारत खाल्लं आणि शेजारच्या मुलींकडे गेली. मला वाटलं होतं, आता झोप लागेल, बसवेल एका जागी. तसं काही झालं नाही.

रुदैना स्वयंपाकघरात वांगी भाजत होती. मी दाराशी उभा राहिलो.

"मी मर्सिनला होतो," मी म्हणालो.

"होतास."

"सगळी वर्षं. एक दिवससुद्धा कुठे गेलो नाही."

"नाही गेलास. रोज संध्याकाळी घरी यायचास. मी ताट वाढायचे."

"मग त्या दिवशी मी उम्म शिहाबला 'हिला विचारा' म्हणालो, तेव्हा तू उठून का गेलीस?"

तिने वांगं चिमट्याने उलटलं. साल फुटून वाफ आली.

"तिने विचारलं असतं, तर मला खोटं बोलता आलं नसतं," ती म्हणाली.

बाहेर प्लॅस्टिक एकदा फडफडलं आणि पडलं.

"सकाळी तुझ्या बाजूची चादर मळलेली असायची, हैसम. पायांकडे. माती."

"कारखान्याची धूळ असेल."

"धूळ पांढरी असते. ही काळी होती. इथली. मर्सिनची माती लाल, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपण चौथ्या मजल्यावर राहायचो. कडी आतून असायची, किल्ली माझ्या उशाखाली." तिने आवाज चढवला नाही. "लमार उठायच्या आत मी चादर धुऊन टाकायचे."

"किती दिवस?"

"वेढा होता तोवर. मग थांबलं."

"आणि तू मला कधी विचारलं नाहीस."

"तू समोर होतास. जेवत होतास, पोरीला शाळेत सोडत होतास. ज्यांचे नवरे नव्हते त्या बायका मला ठाऊक होत्या. मी काय विचारणार होते?"

मी तिथल्या स्टुलावर बसलो. तिने शेगडी बंद केली, वांगं ताटलीत काढलं. साल सोलताना तिची बोटं भाजत होती, पण ती थांबत नव्हती.

"इथे आल्यापासून काही नाही ना?" मी विचारलं.

तिने वांग्याचा देठ मोडून बाजूला ठेवला.

"इथे आल्यापासून वाळू असते," ती म्हणाली. "समुद्राची. ओली."