नराच्या ओळीतला लाल दोरा

पाथरीहून मानवतला निघालेल्या जीपमध्ये अकरा माणसे, दोन कोंबड्या आणि मी, असे आम्ही बसलो होतो. माझ्या मांडीवर एकशेबारा पानांची पुस्तिका होती आणि हातात लाल पेन. पुस्तिकेचे नाव होते, 'आपल्या कंपनीसाठी खास घडवलेले कार्यालयीन इंग्रजी'. मला माझ्याच गावाकडे शिकवायला पाठवणाऱ्या पुण्यातल्या प्रशिक्षण संस्थेने केलेली खास घडवणूक एवढीच, की हॉटेल-कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेल्या जुन्या पाठांतला 'हॉटेल' हा शब्द जागोजागी पुसून तिथे 'प्लॉट' घातला होता. परिणामी पान सातवर एक पाहुणा अत्यंत नम्रपणे म्हणत होता, की मला या प्लॉटमध्ये समुद्राकडे तोंड असलेली खोली हवी आहे.

मी समुद्राखाली रेघ ओढली. कागद फाटला.

"पेपर तपासायलाव का?"

शेजारी बसलेल्या तरुणाने विचारले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कपाशीच्या फांद्या त्याने मांडीवर धरल्या होत्या, आणि खड्डा आला की स्वतः आदळत होता, फांद्यांना आदळू देत नव्हता.

"पेपर नाही. पंचनामा आहे."

"मग आरोपी?"

"फरार. पुण्यात आहे."

त्याने मान तिरपी करून ते वाक्य वाचले… पुन्हा वाचले. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मानवतला समुद्र… लय दिवसांची मागणी हाय आमची."

नऊ वर्षे पुण्यात काढून, बोलींच्या सरमिसळीवर प्रबंध लिहून, तासिका तत्त्वाच्या उपकारांवर जगताना मी हसणे बरेच कमी केले होते. त्या दिवशी ते अचानक आले, आणि मी खिडकीकडे तोंड फिरवले.

अर्ध्या तासाने, परदेशी मालकीच्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात, माझ्यासमोर बसलेल्या सात कर्मचाऱ्यांत तिसरा तोच होता.

"मी लिंबाजी. चारठाण्याचा," तो उठून म्हणाला. "पंचनाम्यातला साक्षीदार."

त्याची गोष्ट कळायला वेळ लागला नाही. आठ वर्षे तो कपाशीच्या दोन वाणांच्या संकराच्या प्लॉटवर बायकांना काम शिकवत होता. दर वर्षी कंपनी एका माणसाला व्हिएतनामच्या केंद्रावर दोन वर्षांसाठी पाठवी, आणि दर वर्षी तो माणूस दुसराच कोणी असे. ज्याला कपाशीचे फूल ओळखता येत नसे, पण त्याविषयी इंग्रजीत बोलता येई. या वर्षी लिंबाजीचे नाव होते. अट एकच, बारा आठवड्यांनंतर माझ्या सहीचा शेरा.

मी पुस्तिका मिटली. "मला तुमचे काम दाखवा," मी म्हणाले. "जे शब्द तुम्हाला लागतात, ते तिथे असतील. इथे समुद्र आहे."

तेव्हापासून तास प्लॉटवर होऊ लागले. दुपारी ऊन कलले की बायका मादीच्या ओळींत शिरत. उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या सोलायच्या, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतले फूल आणून त्याचे पराग तिथे लावायचे.

"आणि सकाळी कोणी आलेच नाही तर?" मी इंग्रजीत विचारले. तो तास होता.

त्याने इंग्रजीतच उत्तर दिले. हळू, पण सरळ. "तर फूल गळते." मग मराठीत, स्वतःशी बोलल्यासारखे, "म्हणून तर दोरा. दोरा म्हणजे… सकाळी येतो, थांब."

मी वहीत काहीतरी लिहिले. नंतर पाहिले तर ती नुसती रेघ होती.

"मॅडम, तुमी पाथरीच्या ना?" तो एकदा म्हणाला. "पण बोलताव पुस्तकासारखं. राग बी पुस्तकातलाच येतो का?"

"राग माझा स्वतःचा आहे."

"अन् बोलणं?"

पुण्यातल्या पहिल्या वर्षी माझ्या एका वाक्यावर अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर मी जिभेवरची पाथरी इतकी घासली, की आईसुद्धा फोनवर मला 'तुम्ही' म्हणू लागली. हे त्याला सांगायचे होते. ज्या भाषेत सांगायचे, तीच उरली नव्हती.

सप्टेंबरात, एका सकाळी, बायकांची मुकादम कडूबाई माझ्याजवळ आली. पदराआड हसू दाबत होती.

"बाई, काल तुमी कोणत्या ओळीत हुब्या होत्याव?"

"त्या कडेच्या. का?"

"ती नराची हाय, तिथं सोलायचं नस्तं. लिंबाजीसाहेब तुमच्याशी बोलत बोलत तिथल्याच कळ्या सोलत गेलं. एकवीस दोरे बांधलेत. आठ साल झालं, आमची कुणाची अशी चूक झाली तर पार आईबाप काढायचं." ती थांबली. "आता त्येंचं कुणी काढावं?"

मी भाषेची अभ्यासक आहे. पुरावा म्हणजे काय हे मला कळते. तरी त्या दिवशी मी तीन वेळा त्या ओळीपाशी जाऊन आले… प्रत्येक वेळी वेगळे कारण घेऊन. नर झाडांवर, जिथे त्यांचे काही काम नव्हते, तिथे लाल दोरे वाऱ्यावर हलत होते. त्याने ते अजून सोडले नव्हते. मीही विषय काढला नाही. आम्ही दोघे रोज इंग्रजीत खत, ओलावा आणि उगवणक्षमता यांवर बोलत राहिलो. आणि जीप पाथरीच्या फाट्यावर वळली, की न बोललेली सगळी वाक्ये मला एकदम सुचत.

ऑक्टोबर आला. मूल्यमापनाचा कागद आला. त्यावर दोन चौकोन होते, 'तयार' आणि 'आणखी एका सत्राची गरज'. पाठोपाठ पुण्याच्या समन्वयकाचा फोन. "मॅडम, सगळ्यांना दुसऱ्या चौकोनात घ्या. कंपनी पुढचे सत्र देईल. सगळ्यांचेच भले."

एरवी मी या माणसाला त्याच्या पुस्तिकेच्या एकशेबारा पानांसह सोलून काढले असते. त्या दिवशी मी नुसते 'बघते' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एका लबाडीची आणि माझ्या मनाची इच्छा एकच होती. आणखी बारा आठवडे. त्याच फांद्या, तोच फाटा… मी फोन ठेवला, आणि मला स्वतःचा फार राग आला. पुस्तकातला नव्हे.

परीक्षेच्या दिवशी परतीचा पाऊस गोदामाच्या पत्र्यावर कोसळत होता. इतर सहा जण आटोपून गेले. लिंबाजी शेवटचा. प्रश्न असा, की परदेशी पाहुण्याला संकराचे काम समजावून सांगायचे. जे त्याने प्लॉटवर मला वीस वेळा अस्खलित सांगितले होते.

तो पहिल्याच वाक्यात अडखळला. दुसऱ्यात चुकला. तिसऱ्यात, चौथ्यातही. मग मी कान टवकारले. या चुका मला माहीत होत्या. मी पुस्तिका उघडली. पान चौऱ्याऐंशी, 'मराठी भाषकांच्या नेहमीच्या चुका', क्रमांक एक ते दहा. त्याने पाचवी केली, मी पाचव्या ओळीवर बोट ठेवले. त्याने सहावी केली, मी बोट खाली सरकवले.

"आता सातवी," मी म्हणाले.

तो थांबला. पाऊस मात्र थांबला नाही.

"सातवी पाठ न्हाई झाली," तो म्हणाला.

"आठ वर्षे तुम्ही या एका संधीसाठी थांबलात."

"हां. अन् आता जायचं म्हणलं की पाय निघंना. तो दुसरा चौकोन भरा ना, मॅडम. बारा आठवडे."

"खोट्या चुकांवर मी शेरा देत नाही."

"अन् खऱ्या?"

"खरी तुम्ही एकदाच केलीत. नराच्या ओळीत. एकवीस."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो हळूच म्हणाला, "बावीस."

मी पेन उचलले. "ज्याला येते त्याला येत नाही, असे मी लिहिले, तर या पुस्तिकेत आणि माझ्यात काय फरक उरला?" मी 'तयार'वर खूण केली. "हा चौकोन मी माझ्या मनाविरुद्ध भरते आहे. तसे लिहायला कागदावर जागा नाही… म्हणून तोंडी सांगितले."

त्याने वर पाहिले. इतके दिवस आम्ही एकमेकांकडे फुलांच्या आडून पाहत होतो. आज मध्ये काही नव्हते.

नोव्हेंबरात, त्याच्या निघण्याच्या सकाळी, प्लॉट पांढरा झाला होता. कडूबाईने माझ्या हातात एक फुटलेले बोंड दिले. देठाला विटलेला लाल दोरा.

"नराच्या ओळीतलं. बाकी समदी गळाली. हे एक कुण्या मधमाशीनं धरवलं."

"नियमानं टाकून द्यायचं अस्तंय," लिंबाजी म्हणाला. "भेसळ म्हणतेत याला."

"मी ठेवते," मी म्हणाले. "भेसळीवर माझा प्रबंध आहे."

तो हसला. देठाचा दोरा त्याने जपून सोडवला, माझ्या मनगटाकडे पाहिले, आणि घाईने मान हलवली. "हातावर नको. लोक राखी समजतील." मग माझ्या पर्समधून डोकावणारे लाल पेन काढून त्याच्या टोपणाला तो दोरा बांधला. दोन गाठी.

जीपवाल्याने हॉर्न दिला.

"किती लांब आहे तुमची सकाळ?" मी विचारले.

"दोन हंगाम."

मला एक सुघड, शुद्ध, समासयुक्त वाक्य बोलायचे होते. ते तयारही होते. पण ओठांवर आले ते दुसरेच, नऊ वर्षांनी, कुठूनतरी खोलातून…

"या मग. मी थांबायलेय हितं."